डेटाबेसला कनेक्शन लागत नाही? आधी एरर शेवटपर्यंत वाचा, मग या चुका टाळा

"सर, डेटाबेस लागंना झालाय."

आठवड्यातून एकदा तरी हा फोन येतो. कधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून, कधी शहापूरच्या साडीच्या दुकानातून, कधी निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या पतसंस्थेतून. मी विचारतो, "एरर काय आलीय?" पलीकडून उत्तर येतं, "एररच आलीय की." मग माझा दुसरा ठरलेला प्रश्न : "आत्तापर्यंत काय काय बदललंस?" आणि यादी सुरू होते. पासवर्ड बदलला, सर्व्हर रिस्टार्ट केला, पीएचपीची आवृत्ती बदलली, फायरवॉल बंद केली, कुठल्या तरी व्हिडिओत बघून एक फाइल पुसली. मूळ दुखणं एक होतं, आता पाच झाली.

आमच्या भागातलं छोट्या धंद्यांचं बरंचसं सॉफ्टवेअर अजून पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं, म्हणून उदाहरणं त्याचीच घेतो. एक सूचना आधीच. या लेखात आकडे मराठीत छापलेत, पण तुमच्या फाइलमध्ये ते इंग्रजी कीबोर्डनेच टाका. ही बारीक गोष्ट वाटेल. तिच्यामुळे एकाचा अख्खा दिवस गेलेला मी पाहिलाय, तो किस्सा पुढे येईल.

कनेक्शन लागतं कसं, हे मी शिकाऊ मुलांना उद्यमबागेच्या भाषेत सांगतो. तुम्हाला एका कारखान्यात माणसाला भेटायचंय. आधी पत्ता सापडायला हवा. मग गेटपर्यंत रस्ता मोकळा हवा. गेट उघडं हवं. वॉचमनच्या रजिस्टरात तुमचं नाव हवं. आत गेल्यावर तुम्ही म्हणता ते डिपार्टमेंट तिथं असायला हवं. आणि आत उभं राहायला जागा हवी. स्क्रिप्टचं कनेक्शनही याच क्रमाने जातं आणि एरर तुम्हाला नेमकं सांगते की तुम्ही कुठं अडलात. वॉचमनने अडवलेल्या माणसाने रस्ता दुरुस्त करून काय उपयोग? पण रोज हेच होतं.

नुसता क्रमांक बघून धावणं

पीएचपीत २००२ हा क्रमांक दिसला की लोक लगेच तो शोधतात आणि पहिला सापडेल तो उपाय करतात. अडचण अशी की पीएचपी २००२ या एकाच क्रमांकाखाली चार-पाच वेगळी दुखणी दाखवते. कमांड लाइनवरचा मायएसक्यूएल क्लायंट नेटवर्कवरून लागलं नाही तर २००३ दाखवतो, पीएचपी तिथेही बहुधा २००२च म्हणते. म्हणून क्रमांकापुढचे शब्द वाचायचे.

"गेटॲड्रइन्फो फेल्ड" असेल तर पत्ताच सापडला नाही. होस्टच्या, म्हणजे डेटाबेस असलेल्या मशीनच्या, नावात स्पेलिंग चुकलंय, शेवटी एक रिकामी जागा राहिलीय, किंवा कुणीतरी होस्टच्या जागी एचटीटीपीपासून सुरू होणारा अख्खा वेब-पत्ता चिकटवलाय. इथं डेटाबेस सर्व्हरला हात लावायचं काहीच कारण नाही.

"कनेक्शन टाइम्ड आउट" म्हणजे पत्ता ठाऊक आहे, पण वाटेत कुणीतरी तुमचा निरोप गिळून टाकतंय. पान बराच वेळ फिरत राहतं आणि मग ही ओळ येते. नव्वद टक्के वेळा फायरवॉल, नाहीतर क्लाउडवरचे सुरक्षा-नियम, नाहीतर चुकीचा आयपी.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" लगेच येतं, क्षणात. तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकायला कुणी नाही. मायएसक्यूएल बंद आहे, किंवा ३३०६ सोडून दुसऱ्या पोर्टवर बसलंय, किंवा बाइंड-ॲड्रेसमध्ये १२७.०.०.१ लिहिलेलं असल्यामुळे ते फक्त स्वतःच्या मशीनवरूनच बोलतंय. टाइम आउट आणि रिफ्यूज्ड यांतला हा वेळेचा फरक घड्याळाकडे बघूनही कळतो. फोनवर मी हाच प्रश्न विचारतो : लगेच आलं की थांबून आलं?

"नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" वाचून लोक आपली पीएचपीची फाइल शोधत बसतात. ती फाइल इथं नाहीच. ही सॉकेट फाइलबद्दलची तक्रार आहे आणि ती समजायला लोकलहोस्टची गोष्ट समजावी लागते.

लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ एकच धरणं

दोन्हींचा अर्थ "हेच मशीन", म्हणून विंडोजवर काम शिकलेल्यांना हे दोन्ही सारखेच वाटतात. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या बाबतीत ते सारखे नाहीत. होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलंत तर क्लायंट नेटवर्कने जातच नाही. तो युनिक्स सॉकेट नावाच्या एका फाइलमधून, घरातल्या घरात, डेटाबेसशी बोलतो. १२७.०.०.१ लिहिलंत तर टीसीपीने, पोर्टमधून जातो. आता मायएसक्यूएल बंद असेल तर सॉकेटची फाइल नसतेच. किंवा मायएसक्यूएल ती एका जागी तयार करतं आणि पीएचपी दुसऱ्याच जागी शोधते. एकाच मशीनवर झॅम्प (वेब सर्व्हर, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) आणि उबुंटू लिनक्सचं स्वतःचं मायएसक्यूएल अशी दोन्ही टाकलेली असली की हे हमखास होतं.

पारख सोपी आहे. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, लोकलहोस्टच्या जागी १२७.०.०.१ टाकून बघा. लागलं, तर सर्व्हर चालू आहे आणि सॉकेटचा मार्ग तेवढा चुकलाय. मग पीएचपीच्या ini फाइलमधला, म्हणजे पीएचपी-आयएनआयमधला सॉकेटचा मार्ग नीट करा. डॉकर वापरत असाल तर आणखी एक : कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये असेल तर होस्ट म्हणून त्या सर्व्हिसचं नाव द्यायचं.

एक प्रकार राहिला, "परमिशन डिनाइड". अल्मालिनक्स, रॉकी किंवा रेड हॅट या लिनक्सवर कमांड लाइनवरून कनेक्शन सुरळीत लागतं आणि ब्राउझरमधून तीच स्क्रिप्ट ही ओळ दाखवते. तिथं एसई-लिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा वेब सर्व्हरला बाहेरच्या डेटाबेसकडे जाऊ देत नसते. त्यासाठी एक खास खटका आहे, "एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट-डीबी". तेवढा चालू करा आणि कायमचा करायला सेट-एसई-बूलला मोठा पी हा पर्याय द्या. सगळं एसई-लिनक्सच बंद करा हा सल्ला जागोजागी मिळतो. कृपा करून ऐकू नका. एका दाराची किल्ली हरवली म्हणून घराच्या सगळ्या कड्या काढून ठेवत नाहीत.

"ॲक्सेस डिनाइड" आलं की पासवर्ड बदलणं

क्रमांक १०४५. खरं तर ही आनंदाची एरर आहे. पत्ता बरोबर, रस्ता मोकळा, गेट उघडं, वॉचमन तुमच्याशी बोलतोय. त्या ओळीत तीन गोष्टी असतात आणि तिन्ही वाचायच्या : युजरचं नाव, ॲटच्या चिन्हापुढचा पत्ता आणि शेवटी कंसातलं "युजिंग पासवर्ड".

शेवटून सुरुवात करू. "युजिंग पासवर्ड : नो" असेल तर पासवर्ड चुकीचा नाही, तो पोचलाच नाही. स्क्रिप्टने रिकामा पासवर्ड पाठवला. म्हणजे कॉन्फिग फाइल वाचलीच गेली नाही, किंवा व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, किंवा पासवर्डासारख्या सेटिंग्ज ठेवायची डॉट-ईएनव्ही फाइल सर्व्हरवर चढवायची राहिली. टिंबापासून सुरू होणाऱ्या फाइली फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या असतात, त्यामुळे कॉपी करताना त्या मागे राहतात. डेटाबेसमध्ये दहादा पासवर्ड बदलला तरी हे सुटणार नाही.

"येस" असेल तर मग ॲटच्या पुढचा पत्ता बघा. मायएसक्यूएलच्या दृष्टीने युजर म्हणजे नाव अधिक पत्ता. लोकलहोस्टवरचा "दुकान" आणि १९२.१६८.१.२० वरचा "दुकान" हे त्याच्या लेखी दोन वेगळे गृहस्थ आहेत, त्यांचे पासवर्ड वेगळे आणि अधिकारही वेगळे. एररमध्ये जो पत्ता दिसतोय तो सर्व्हरला दिसलेला पत्ता आहे. त्याच पत्त्याचा युजर तिथं आहे का, हे तपासा. जुन्या सर्व्हरवर आणखी एक सापळा असतो : बिननावाचा लोकलहोस्ट युजर. तुमचा युजर "कुठूनही" म्हणजे टक्क्याच्या चिन्हाने बनवला असेल आणि तुम्ही लोकलहोस्टवरून आलात, तर सर्व्हर जास्त नेमका पत्ता असलेला तो बिननावाचा युजर आधी धरतो आणि तुमचा बरोबर पासवर्डही नाकारतो. तो बिननावाचा युजर काढून टाकला की सुटतं.

शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेल हे नियंत्रण-पान असेल तर डेटाबेसच्या आणि युजरच्या नावापुढे तुमच्या खात्याचं नाव आपोआप लागतं. कॉन्फिगमध्ये तेही लिहावं लागतं. शिवाय डेटाबेस बनवला, युजर बनवला, पण युजरला त्या डेटाबेसवर जोडायची तिसरी पायरी राहिली, हे तर रोजचं. तेव्हा १०४४ येतं : ओळख पटली, पण त्या डेटाबेसवर अधिकार नाही. १०४९ आलं तर त्या नावाचा डेटाबेसच नाही. आमच्याकडे याला एक खास कारण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, आणि जुन्या सॉफ्टवेअरचे डेटाबेस जुन्या स्पेलिंगचे, नव्या माणसाने लिहिलेलं कॉन्फिग नव्या स्पेलिंगचं, असं अजूनही सापडतं.

उबुंटूवर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरने, लावायला जाल तर १६९८ भेटतं. तिथं मायएसक्यूएलचा रूट पासवर्डने नव्हे, मशीनवरच्या लॉगिनवरून ओळखला जातो. वेब सर्व्हर वेगळ्या युजरने चालतो, त्यामुळे तो रूट म्हणून कधीच आत जाणार नाही. यावर रूटची पद्धत बदलण्याचे उपाय सांगतात. ते करू नका. ॲप्लिकेशनसाठी वेगळा युजर बनवा, त्याला लागतील तेवढेच अधिकार द्या. रूट ॲप्लिकेशनला न देण्याचं आणखी एक कारण पुढे येतंय.

आणि "ऑथेंटिकेशन मेथड अननोन" असं काही, २०५४ क्रमांकासह, आलं तर पासवर्डाचा संबंध नाही. मायएसक्यूएल ८.० पासून, म्हणजे २०१८ पासून, पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदललीय आणि तुमची पीएचपी जुनी आहे. जुनी पद्धत परत चालू करा हा सल्ला काही वर्षांपूर्वी चालून जायचा. मायएसक्यूएल ८.४ मध्ये ती मुळातच बंद असते आणि ९.० मधून काढूनच टाकलीय. पीएचपी पुढे न्या.

पासवर्डातली चिन्हं

जबरदस्त पासवर्ड ठेवला, चांगलं केलं. पण तो लिहिलात कुठं? पीएचपीत दुहेरी अवतरणात डॉलरचं चिन्ह आलं की पुढचं अक्षर व्हेरिएबल समजलं जातं आणि पासवर्डाचा तुकडा गायब होतो. एकेरी अवतरण वापरा. डॉट-ईएनव्ही फाइलमध्ये हॅशचं चिन्ह म्हणजे पुढे टिप्पणी, म्हणून पूर्ण पासवर्ड अवतरणात घाला. आणि सगळं कनेक्शन एकाच यूआरएलमध्ये लिहीत असाल तर पासवर्डातलं ॲटचं चिन्ह सर्व्हरच्या पत्त्याची सुरुवात समजलं जातं, ते टक्क्याच्या रूपात लिहावं लागतं.

व्हॉट्सॲपवर आलेला पासवर्ड बघून टाइप करू नका. दोन ताऱ्यांच्या मधली अक्षरं व्हॉट्सॲप ठळक दाखवतं आणि तारे दिसतच नाहीत.

आता तो किस्सा. एका दुकानाचं बिलिंग नव्या मशीनवर हलवलं होतं. मुलगा हुशार, सगळं बरोबर केलेलं, तरी कनेक्शन लागेना. दिवसभर बसला. संध्याकाळी मी शेजारी बसून कॉन्फिग फाइल मोठ्या अक्षरात उघडली, तेव्हा दिसलं. पोर्टच्या जागी ३३०६ अगदी बरोबर होतं, फक्त देवनागरीत. गिऱ्हाइकांची नावं भरताना मराठी कीबोर्ड चालू होता, तो तसाच राहिला. आपल्याला ते तेहतीसशे सहा दिसतं, पीएचपीला तो आकडाच वाटत नाही. आमच्याकडे एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कानडी आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड असतात. पासवर्ड टाइप करताना तर तो ठिपक्यांमागे लपलेला असतो, काय पडलं ते दिसतही नाही.

"माझ्या लॅपटॉपवर चालतंय"

चालत असेल. त्याने सर्व्हरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तपासणी त्याच मशीनवरून करायची जिथं वेब सर्व्हर आहे, त्याच युजरने, त्याच पासवर्डने. शक्य असेल तर वेब सर्व्हर ज्या लिनक्स युजरने चालतो त्याच्याच नावाने पीएचपीची चार ओळींची चाचणी फाइल चालवा. आणि हेही लक्षात घ्या की कमांड लाइनची पीएचपी आणि ब्राउझरमधून चालणारी पीएचपी बहुधा वेगवेगळ्या आयएनआय फाइली वाचतात. एकीकडे ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग) चालू, दुसरीकडे बंद. "कुड नॉट फाइंड ड्रायव्हर" आलं तर डेटाबेसला दोष देऊ नका, तिथंवर तुम्ही निघालेलाच नाही.

जुनं सॉफ्टवेअर नव्या होस्टिंगवर नेलं की "अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल-कनेक्ट" येतं. ती जुनी फंक्शन्स पीएचपी ७.० ने, २०१५ च्या डिसेंबरात, काढून टाकली. त्यांच्या जागी आता मायएसक्यूएलआय फंक्शन्स आहेत, पण नुसतं शोधा-बदला करून प्रत्येक नावात आय घालू नका. जुन्या क्वेरी फंक्शनमध्ये कनेक्शन दुसऱ्या जागी असायचं, नव्यात पहिल्या जागी लागतं. विंडोजवरून लिनक्सवर नेल्यावर टेबलांच्या नावातलं लहान-मोठं अक्षरही मोजलं जातं. कनेक्शन लागतं आणि पहिल्याच क्वेरीला १४४६ नव्हे, ११४६ येतं : टेबल नाही. हे आकडे असे एकसारखे दिसतात, म्हणूनच म्हणतो शब्द वाचा.

आणखी एक दिशाभूल. एरर चाळिसाव्या ओळीवर दिसते : "मायएसक्यूएलआय हवं होतं, बूल मिळालं." लोक ती चाळिसावी ओळ घासत बसतात. दुखणं पाचव्या ओळीवर असतं, जिथं कनेक्शन फसलं आणि कुणी विचारलंच नाही. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय असं गप्प बसत नाही, जागच्या जागी एक्सेप्शन फेकतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर रिपोर्टिंग स्वतः चालू करा, आणि ओळीच्या सुरुवातीला ॲटचं चिन्ह लावून एरर दाबायची सवय सोडा.

वीज गेल्यानंतरची घाई

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहितोय, कारण इथं चूक झाली तर डेटा जातो.

पावसाळ्यात खानापूरकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. झॅम्पवर चालणारं दुकान किंवा संस्था, यूपीएसची बॅटरी म्हातारी, आणि लिहिता लिहिता मशीन बंद. वीज आल्यावर झॅम्पचं कंट्रोल पॅनेल सांगतं, मायएसक्यूएल अचानक बंद पडलं. वेबसाइटवर "कनेक्शन रिफ्यूज्ड".

एका पतसंस्थेतून असाच फोन आला होता. मी पोचायच्या आधी तिथल्या एकाने व्हिडिओ बघून डेटा फोल्डरमधली "आयबीडेटा-वन" ही फाइल पुसली होती. मायएसक्यूएल लगेच चालू झालं. सगळ्यांना आनंद झाला. मग खातं उघडलं तर १९३२ : "टेबल डझ नॉट एक्झिस्ट इन इंजिन". टेबलांची नावं यादीत दिसत होती, आत जाता येत नव्हतं. ती फाइल म्हणजे इनोडीबीच्या, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनाच्या, सगळ्या टेबलांची नोंदवही होती, तीच फाडली गेली होती. एका पेन ड्राइव्हवर आठ दिवसांपूर्वीचा बॅकअप सापडला म्हणून निभावलं. मधल्या आठ दिवसांच्या नोंदी पिग्मी एजंटांच्या वह्या समोर ठेवून, एकेक पावती वाचून, दोन रात्रींत पुन्हा भरल्या. पैसे रोजंदारीवाल्यांचे आणि भाजी विकणाऱ्या बायकांचे होते. दहा-वीस रुपयांची नोंदही चुकवून चालणार नव्हतं.

अशा वेळी करायचं ते असं. पुन्हा पुन्हा स्टार्ट दाबू नका. मायएसक्यूएल बंद आहे याची खात्री करा आणि अख्खा डेटा फोल्डर, जसा आहे तसा, दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बिघडलेला असला तरी. मग त्याच फोल्डरमधला एरर लॉग उघडा आणि शेवटच्या वीस-तीस ओळी वाचा. कधी कधी डेटाला काहीच झालेलं नसतं. विंडोज पुन्हा सुरू होताना दुसरं कुठलं तरी मायएसक्यूएल आधी उठलं आणि ३३०६ पोर्ट अडवून बसलं, एवढंच. किंवा डिस्क गच्च भरलीय. लिनक्सवर डीएफ कमांडने ते क्षणात दिसतं.

खरंच इनोडीबी बिघडलं असेल तर कॉन्फिगमध्ये इनोडीबी-फोर्स-रिकव्हरी हा पर्याय १ वर ठेवून सुरू करून बघा. नाही झालं तर २, मग ३. सर्व्हर उठला की लगेच मायएसक्यूएल-डंपने सगळा डेटा बाहेर काढा आणि स्वच्छ जागी पुन्हा भरा. ४ आणि त्यापुढच्या आकड्यांनी डेटा कायमचा खराब होऊ शकतो. तिथं जायची वेळ आली तर ते कॉपीवर करा, मूळ फोल्डरवर नाही.

लिनक्सच्या स्वस्त सर्व्हरवर वीज जात नाही, पण मेमरी संपते. एक जीबीच्या मशीनवर वेब सर्व्हरने जास्त प्रक्रिया उघडल्या की लिनक्स सगळ्यात जाड प्रक्रिया मारून टाकतं आणि ती बहुतेकदा मायएसक्यूएल असते. रोज ठरावीक वेळी "रिफ्यूज्ड" येत असेल तर डी-मेसेज या लिनक्सच्या नोंदींत "आउट ऑफ मेमरी" शोधा.

कनेक्शन लागतं, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

याला कुणी कनेक्शनची चूक म्हणत नाही, पण आमच्या भागात कनेक्शनचीच ही सगळ्यात जास्त सापडणारी चूक आहे. एकाच बिलात गिऱ्हाइकाचं नाव मराठीत, गावाचं नाव कानडीत, मालाचं नाव इंग्रजीत. इंग्रजी नीट दिसतं, बाकी सगळी प्रश्नचिन्हं. "खानापूर"च्या जागी सात प्रश्नचिन्हं, "निपाणी"च्या जागी सहा. काना-मात्रा धरून अक्षरं मोजा, जुळतील.

कारण असं की टेबलाला एक कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, असतो आणि कनेक्शनलाही स्वतःचा एक असतो. टेबल यूटीएफ-८ आणि कनेक्शन लॅटिन-१ असेल तर वाचताना मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, पण आतला डेटा शाबूत असतो. टेबलच लॅटिन-१ असेल तर प्रश्नचिन्हं खरोखर साठवली गेली, मूळ नाव गेलं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

ओळखायला साठवलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारं हेक्स फंक्शन वापरा. त्या रकान्याचं हेक्स मागवा. ३एफ, ३एफ, ३एफ अशी रांग आली तर प्रश्नचिन्हंच साठली आहेत, बॅकअप शोधा. ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होणारे तीन-तीनचे गट आले तर देवनागरी शाबूत आहे. ई०बी२, ई०बी३ आले तर कानडी शाबूत आहे. सी३ए०सी२ए४ असं लांबलचक काही आलं तर मराठी दोनदा एन्कोड झालंय. हा प्रकार फार फसवा आहे, कारण जुन्या सॉफ्टवेअरमधून बघितलं तर सगळं ठीक दिसतं, नव्यातून कचरा. तेव्हा घाईने काही "दुरुस्त" करू नका, आधी टेबलाची प्रत काढा.

उपाय कनेक्शन लागल्या लागल्या करायचा. मायएसक्यूएलआयमध्ये सेट-कॅरसेट फंक्शनने यूटीएफ-८-एमबी-४ ठरवा, पीडीओत (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची दुसरी पद्धत) कनेक्शनच्या ओळीतच कॅरसेट लिहा. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ एका अक्षराला तीनच बाइट देतं. मराठी आणि कानडीला तीन पुरतात, इमोजीला चार लागतात. म्हणून चाराचं घ्या. गिऱ्हाईक शेरा लिहिताना इमोजी टाकतंच.

आत जागा नाही, किंवा मध्येच तुटलं

१०४०, "टू मेनी कनेक्शन्स". मायएसक्यूएलमध्ये एका वेळी १५१ कनेक्शन्स ही मुळातली मर्यादा आहे. लोक ती थेट हजार करतात आणि मेमरी संपवतात. आधी शो प्रोसेसलिस्ट चालवून कोण बसलंय ते बघा. मी अलीकडे बघितलेल्या कोडमध्ये यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी नवं कनेक्शन उघडलं जात होतं. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, निकालाच्या दिवशी एका क्लासची साइट त्यामुळेच आडवी झाली. एका पानाला एक कनेक्शन पुरतं. आणि रूटचं राहिलेलं कारण हे : मर्यादा भरली तरी मायएसक्यूएल प्रशासकासाठी एक जादा जागा राखून ठेवतं. ॲप्लिकेशनच रूटने चालत असेल तर ती जागाही त्यानेच खाल्लेली असते आणि तुम्हाला आत जाऊन बघताही येत नाही.

२००६, "सर्व्हर हॅज गॉन अवे". कनेक्शन उघडून ठेवलं आणि बराच वेळ काही बोललंच नाही. मुळात ही मर्यादा २८८०० सेकंद, म्हणजे आठ तास असते. होस्टिंगवाले ती खूप कमी ठेवतात. रात्रभर झोपलेली आणि सकाळी एसएमएस पाठवायला उठणारी स्क्रिप्ट इथंच पडते. कामाच्या वेळी कनेक्शन नव्याने घ्या, पिंग करून आपोआप जुळेल या भरवशावर राहू नका. मोठा फोटो डेटाबेसमध्ये कोंबताना हीच एरर आली तर मॅक्स-अलाउड-पॅकेट बघा.

चाचणी संपल्यावर

लाइव्ह साइटवर एरर पडद्यावर दाखवू नका, लॉगमध्ये पाठवा. कनेक्शन फसल्यावर छापल्या जाणाऱ्या तपशिलात युजर, होस्ट आणि जुन्या पीएचपीत तर पासवर्डही दिसू शकतो. पीएचपी ८.२ पासून पासवर्ड झाकला जातो, बाकीचं तरीही दिसतं. गिऱ्हाइकाला एक साधं वाक्य पुरे : थोड्या वेळाने प्रयत्न करा.

तुमची चाचणी फाइल आणि पीएचपी-इन्फोची फाइल सर्व्हरवरून काढून टाका. आणि कॉन्फिगमध्ये बदल करण्यापूर्वी जी प्रत ठेवली होती, नावापुढे बॅक किंवा ओल्ड लावून, ती शोधा. तिचा शेवट पीएचपी नसल्यामुळे वेब सर्व्हर ती चालवत नाही, जशीच्या तशी वाचायला देतो. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकून बघा. तुमचा पासवर्ड पडद्यावर दिसला, तर तो आजच बदला.